लेन्समधला लाल ठिपका

मंगळवारी संध्याकाळी वृंदा कामावरून आली, खिडकीशी उभी राहून चहा प्यायली आणि मला म्हणाली, "आई, हा मधला गज वाकलाय का गं?"

मी कणीक मळत होते. पिठाचे हात तसेच घेऊन खिडकीपाशी गेले. गज सरळ होता. शिरगावात हे घर घेऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून तो सरळच आहे.

"नाही गं. कुठे वाकलाय?"

"असं होय. मला वाटलं." एवढं बोलून तिने कप विसळला आणि टीव्ही लावला.

तिच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी नाही. रात्री सगळं आवरल्यावर मी त्या गजासमोर उभी राहिले. आधी डावा डोळा झाकला, मग उजवा. माझ्या दोन्ही डोळ्यांना गज सरळ दिसला. बुधवारी सकाळी दूध तापवताना स्वयंपाकघरातून सहज बाहेरच्या खोलीत पाहिलं, तर वृंदा त्याच जागी उभी होती. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून उजव्या डोळ्याने गजाकडे बघत होती. माझी चाहूल लागताच तिने तो हात केसांवर नेला आणि बटा सारख्या केल्यासारखं केलं.

म्हणजे तिला कळलेलं आहे, आणि ते मला कळू नये असं तिला वाटतं.

आज शुक्रवार. रात्रीचा दीड वाजलाय. दिवाळी एका आठवड्यावर आहे. माझे यजमान आतल्या खोलीत झोपलेत. बुधवारी त्यांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "सुनंदा, काळजी करण्याची परीक्षा असती ना, तर तू विद्यापीठात पहिली आली असतीस." त्यांचंही चूक नाही. मी आजवर पुष्कळ काळज्या फुकट केल्या आहेत. ही त्यातली असावी असं मलाही फार वाटतंय.

वृंदा आमची एकुलती एक. वय सव्वीस. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये टेकचंदच्या दुकानात ती व्हीसीडी प्लेयर दुरुस्त करते. त्या गल्लीत दुरुस्ती करणारी ती एकटीच बाई आहे.

१९८० च्या फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. आम्ही अंबरनाथला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. दुपारी सगळ्या बिल्डिंगने दारं-खिडक्या लावून घेतल्या. मी फिजिक्सची बी.एस्सी. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडलं, खाली पांढरा कागद धरला आणि कागदावर पडलेली सूर्याची कोर वृंदाला दाखवली. शेजारच्या बाई दाराआडून ओरडल्या, "अहो, पोरीचे डोळे जातील!" मी म्हटलं, "वर बघितलं तर जातील. आम्ही खाली बघतोय." वृंदा मान वर करू नये म्हणून तिच्या डोक्यावर पूर्ण वेळ माझा हात होता.

त्यानंतर तिला एकच खोड लागली. कुठलीही गोष्ट सांगितली की विचारायची, "दिसते का पण?"

पुढे पाच-सहा वर्षांनी क्वार्टर्समध्ये सगळ्यांनी मिळून एका रविवारी दुपारी व्हीसीआर भाड्याने आणला. त्याच्याबरोबर भगवंत नावाचा एक माणूस आला होता. तो मशीनला कुणाला बोट लावू द्यायचा नाही. पिक्चर अर्धा झाला आणि पडद्याच्या खालच्या भागात पांढरे पट्टे नाचायला लागले. भगवंत जेवून आडवा झालेला. मोठी माणसं टीव्हीच्या डोक्यावर थापा मारत बसली. वृंदा पुढे गेली आणि तिने मशीनवरची एक बारीक चकती हळूहळू फिरवली. पट्टे खाली सरकत सरकत गेले.

भगवंत ताडकन उठला. "ए पोरी! हात कुणी लावला?"

"ट्रॅकिंग लिहिलंय त्याच्यावर," वृंदा म्हणाली. "फिरवायलाच असेल ना?"

"तुला काय ठाऊक ट्रॅकिंग म्हणजे काय ते?"

"नाही ठाऊक. फिरवलं तर दिसलं."

बारावीनंतर तिने मला न विचारता आयटीआयचा फॉर्म भरला. मला तिने बी.एस्सी. करावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "तू केलंस ना, आई? त्याचं पुढे काय केलंस?" बी.एस्सी.चं नाव मी पुन्हा काढलं नाही. रेडिओ-टीव्हीच्या वर्गात चार मुली होत्या, शेवटी दोन राहिल्या. पास झाल्यावर अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत टीव्हीचे बोर्ड बनवणाऱ्या एका कारखान्यात ती डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, कामाला लागली. वडील त्याच वसाहतीत सुपरवायझर, त्यामुळे दोघं डबे घेऊन बरोबर निघायची. सत्त्याण्णव साली तिचा कारखाना बंद पडला. बरोबरच्या बहुतेक मुलींची लग्नं ठरली किंवा त्या जीन्स शिवायच्या कारखान्यांत गेल्या. वृंदा कॅम्प तीनच्या बाजारात दुकानं पालथी घालत टेकचंदकडे पोचली. तिथे एक बिघडलेला ॲम्प्लिफायर उघडून ठेवलेला होता. रघु नावाचे जुने मिस्त्री त्याच्याशी झटत होते. वृंदा म्हणाली, "काका, तो तिसरा डाग सुटलाय." तो सुटलाच होता. टेकचंदने दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

वर्षभरात बाजारात चकत्यांचा पूर आला. कॅसेट गेली, व्हीसीडी आली. लोकांनी हौसेने प्लेयर घेतले, पण त्यावरचे शब्द कुणाला कळेनात. अर्धे प्लेयर न बिघडताच दुरुस्तीला यायचे. तेव्हा वृंदाने एक मोठा पुठ्ठा घेऊन त्यावर मराठीत आणि हिंदीत लिहिलं आणि दुकानात लावलं. मराठी मजकूर माझ्याकडून तपासून घेतला होता, म्हणून मला तो पाठ आहे:

पिवळी पिन म्हणजे चित्र. लाल आणि पांढरी म्हणजे आवाज. पिवळी लालमध्ये खुपसू नये.

पॅल म्हणजे आपल्याकडची चित्राची पद्धत. एनटीएससी म्हणजे परदेशातली. चित्र काळं-पांढरं झालं किंवा लोळायला लागलं तर रिमोटवरचं बटण दाबून पॅल करा. दुकानात येऊ नका.

म्यूट म्हणजे आवाज तुम्हीच बंद केला आहे.

नो डिस्क म्हणजे चकती आत आहे, पण मशीनला दिसत नाही. हे आलं तर मात्र दुकानात या.

"दुकानात येऊ नका" वाचून टेकचंद हबकला होता. "अरे बाबा, ये लडकी धंदा बंद कराएगी मेरा!" पण पुठ्ठा त्याने काढला नाही. त्या पुठ्ठ्यामुळे लोक त्याच्याचकडे यायला लागले.

आमच्या शिरगाव गावठाणातल्या ठमाबाई एकदा प्लेयर फडक्यात बांधून थेट आमच्या घरी आल्या. मुलाने भजनांची चकती आणून दिली होती. "बाय गं," त्या वृंदाला म्हणाल्या, "टाळ वाजतो, पेटी वाजते, पन म्हननारा बुवा गप बसलाय. सकाळधरनं वाट बघून ऱ्हायले."

त्या चकतीत डाव्या स्पीकरसाठी वाद्यं आणि उजव्यासाठी गाणं भरलेलं होतं. कुणीतरी रिमोटवर डाव्या आवाजाचं बटण दाबून ठेवलेलं. वृंदाने ते पुन्हा दोन्हीवर आणलं आणि बुवा गायला लागला.

"आत्ता कंठ फुटला मेल्याला!" ठमाबाई म्हणाल्या आणि प्लेयर चालू ठेवूनच तासभर बसल्या.

अशी ही मुलगी. मला तिचा अभिमान आहे हे मी तिला कधी नीट सांगितलेलं नाही.

आता त्या 'नो डिस्क'बद्दल. प्लेयरच्या आत एक मसुराएवढी लेन्स असते. तिच्यातून लेझरचा किरण चकतीवर पडतो आणि मशीन चकती वाचतं. लेझर क्षीण झाला की मशीनला चकती दिसत नाही. मिस्त्री लोक प्लेयरचं झाकण काढतात, मशीन चालू करतात आणि वाकून त्या लेन्समध्ये बघतात. आत बारीकसा लाल ठिपका दिसला तर लेझर जिवंत. दिसला नाही तर मेलेला. फिकट दिसला तर एक छोटा स्क्रू फिरवून त्याचा जोर वाढवायचा आणि पुन्हा बघायचं. ही पद्धत रघु मिस्त्रींची. वृंदा त्यांच्याकडूनच शिकली आणि त्यांच्याही पुढे गेली. ठिपक्याच्या लालीवरून ती सांगते, हा सहा महिने चालेल, हा दिवाळीपर्यंत. आणि तसंच होतं. शेजारची दुकानंसुद्धा मशीन तिच्याकडे पाठवतात.

हे मला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात एका रविवारी तिने एक प्लेयर घरी आणला, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वीतभर अंतरावर उजवा डोळा नेऊन ती बघत होती. झाकण बाजूला उलटं पडलेलं. त्याच्या आतल्या बाजूला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. मी चष्मा लावून वाचली. झाकण उघडल्यावर अदृश्य लेझर किरण बाहेर येतात, त्यात पाहू नये, असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं.

"वृंदा, हे वाचलंस का?"

"सगळ्या मशीनवर असतं ते, आई. कुणी बघत नाही तिकडे."

"अगं, अदृश्य म्हटलंय. तुला जो लाल ठिपका दिसतो तो त्यातला थोडासा भाग. बाकीचा दिसतच नाही. उजेड वाटत नाही म्हणून डोळा मिटत नाही, आणि डोळ्यात जायचं ते जात राहतं."

"सेकंदभर बघते गं."

"दिवसातून किती वेळा?"

ती हसली. "तुझी बी.एस्सी. जागी झाली वाटतं."

"कागद धर वर. कागदावर बघ ठिपका."

"दुकानात ट्यूबलाइट असते. कागदावर काय दिसणार, डोंबल?"

मी तेवढ्यावर सोडून दिलं. त्या किरणाने नक्की किती इजा होते हे मला माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवरून मुलीशी किती भांडायचं असं वाटलं. मंगळवारी तिने गजाचं विचारलं तेव्हा पहिल्यांदा ती पिवळी चिठ्ठीच डोळ्यासमोर आली.

आज दुपारी मी चकल्यांचा डबा घेऊन उल्हासनगरला गेले. दिवाळीआधी दुकानात फराळ द्यायचा हे निमित्त. ती काम कशी करते ते मला बघायचं होतं. स्टेशनवरून शेअर रिक्षाने कॅम्प तीनला उतरले. वृंदा दुकानात नव्हती, पार्ट आणायला गेली होती.

"आइये भाभीजी, आइये! बसा, बसा. चाय पियाशिवाय सोडणार नाय," टेकचंद म्हणाला. दुकानात प्लेयरच्या चळती लागलेल्या होत्या. "ये सब दिवाली का माल. वृंदा पास करेगी, फिर जाएगा. मीटर झूठ बोलेगा, भाभीजी, उसकी आँख झूठ नहीं बोलेगी."

मग त्याने कपाटामागून एक रंगवलेली पाटी काढून मला दाखवली. वर लिहिलं होतं, 'व्हिडिओ विभाग – वृंदा मॅडम'. खाली, 'ऑडिओ विभाग – रघु मिस्त्री'. "पाडव्याला लावणार. उसको बताना मत. सरप्राइज आहे." गिऱ्हाईक आलं म्हणून तो पुढे गेला.

रघु मिस्त्री कोपऱ्यात एक स्पीकर मांडीवर घेऊन बसले होते. पंचावन्नचे असतील. स्क्रू काढताना ते स्क्रूकडे बघत नव्हते, बोटाने चाचपत होते.

"छान आहे हो पाटी," मी म्हटलं.

"असंल," ते म्हणाले. "मला कडंची अक्षरं दिसली, तवा वळखलं. मधलं काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. मग विचारलं, "चष्मा का नाही करत?"

"केला की. दोन केले. चष्म्याचं काम नाय ते, ताई."

"मग?"

त्यांनी पुढे टेकचंदकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "उजव्या डोळ्यात मधोमध डाग हाय. घरी टीवी लावला तर मान्साचे कान दिसत्यात, टोपी दिसती. तोंड नाय दिसत. म्हनून तर चित्राचं काम पोरीवर टाकलं न् मी आवाजाचं धरलं. आवाजाला डोळं लागत नाय."

"कधीपासून आहे हे?"

"झालं वरीस. आधी आपलं साधंच वाटायचं. दाराची चौकट वाकडी दिसायची. मी मालकीनला म्हनलं, भिताड खचतंय का बग."

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"उशिरा गेलो. त्यो म्हनला, हाय तेवढं जपा." ते पुन्हा स्क्रू चाचपायला लागले. "शेटला नाय सांगितलं अजून. वय झालं म्हनून सांगितलंय. तुमी पन बोलू नका. आंधळा मिस्त्री कोन ठेवल?"

"तुम्ही लेन्समध्ये कुठल्या डोळ्याने बघायचात?" मी विचारलं.

ते थांबले. मग म्हणाले, "उजव्याच." आणि पुढे, "पोरीला काय होतंय का?"

तेवढ्यात वृंदा आली, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. ती मला बघून चकित झाली आणि चकली तोंडात टाकून कामाच्या टेबलावर बसली. मी समोर असतानाच तिने एका प्लेयरचं झाकण काढलं. वाकली. पण आज तिने उजवा डोळा नेला नाही. डावा नेला.

संध्याकाळी जेवताना मी सरळ विचारलं. रघु मिस्त्रींचं नाव घेतलं नाही. "वृंदा, उजव्या डोळ्याने गज वाकडा दिसतो ना?"

ह्यांचा घास हातात राहिला. वृंदाने आधी मान हलवली, मग म्हणाली, "थोडासा. मध्येच फक्त."

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"उद्या कसं? चाळीस पीस आहेत उद्या. दिवाळी होऊ दे, आई. पाडव्यानंतर जाऊ, शप्पथ."

"आणि तोवर डाव्या डोळ्याने बघणार?"

तिने ताट जरा पुढे सरकवलं. मग हळूच म्हणाली, "त्या दुकानात मला माझ्या डोळ्यासाठी ठेवलंय. टेकचंदना कळलं तर ते उद्याच दुसरा माणूस बघतील. तू त्यांना काही बोलणार नाहीस ना? आई, बोलू नकोस हं."

हे म्हणाले, "आठ दिवसांनी काय होतंय? जाऊ दे तिला." मी काही कबूल केलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. त्यामुळे तिने ते कबूल केल्यासारखं धरलं आणि झोपायला गेली.

तेव्हापासून मी ह्याचाच विचार करते आहे. सव्वीस वर्षांच्या मुलीच्या कामाच्या ठिकाणी आईने फोन करू नये, हे मलाही कळतं. तिने इतक्या वर्षांत कमावलेली एकच पाटी आहे, आणि ती अजून लागायची आहे. मी बोलले तर कदाचित लागणार नाही. ती माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, तेही मला ठाऊक आहे. वडिलांवर गेली आहे त्या बाबतीत.

पण उद्या चाळीस पीस आहेत. चाळीस वेळा तरी ती डावा डोळा त्या लेन्सवर नेईल. कदाचित लेझरचा ह्यात काही संबंध नसेल, दुसरंच काही निघेल. डॉक्टर सांगेल ते मी ऐकेन. पण रघु मिस्त्री उशिरा गेले, आणि त्यांचीही चौकट आधी थोडीशीच वाकली होती.

वृंदाला ताप आलाय असं सांगणं सोपं आहे. एक दिवस निभेल. परवा ती पुन्हा त्याच टेबलावर बसेल आणि पुन्हा वाकेल. त्यामुळे तापाचं सांगून उपयोग नाही. जे आहे तेच सांगावं लागेल.

एक गोष्ट मात्र मला मघाशी आठवली. गेल्या वर्षी माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात शूटिंगवाल्याचा व्हिडिओ कॅमेरा वृंदाने हातात घेतला होता. तिने टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरला, बटण दाबलं आणि मला बारीक पडद्यात बघायला लावलं. नुसत्या डोळ्यांना रिमोटच्या टोकाला काहीच दिसत नव्हतं. कॅमेऱ्यात मात्र तिथे पांढरा दिवा लागलेला होता. "बघ, आई. जे आपल्याला दिसत नाही ते ह्याला दिसतं." टेकचंदकडे दुरुस्तीला आलेले असे दोन कॅमेरे आज मी कपाटात पाहिले. मग लेन्सवर कॅमेरा धरायचा आणि ठिपका टीव्हीच्या पडद्यावर बघायचा. चालेल की नाही हे वृंदालाच कळेल. पण ठिपका किती लाल आणि किती फिकट हे ओळखणारी नजर तिची आहे, आणि ती पडद्यावर बघूनही चालू शकेल. टेकचंदला हे सांगण्यासारखं आहे. नुसतं "पोरीचा डोळा गेला" म्हणून हात वर करण्यापेक्षा बरं.

रघु मिस्त्रींचं मी बोलणार नाही. ते त्यांनी सांगायचं. पण दुकानात कुणीच लेन्समध्ये बघू नये, एवढं मात्र सांगेन.

टेकचंदच्या घरचा नंबर दुकानाच्या कार्डावर मागे हाताने लिहिलेला आहे. तो पहाटे उठतो, सात वाजता घरातून निघतो. वृंदा साडेसहाला उठते. म्हणजे सव्वासहाला फोन लावायचा. आम्ही नऊ वाजता डॉक्टरकडे जातोय, वृंदाच्या उजव्या डोळ्याला सरळ गज वाकडा दिसतो, ती आज येणार नाही, आणि टेबलावर परत कधी बसायचं ते डॉक्टर सांगेल. एवढं बोलायचं. मग कॅमेऱ्याचं. तोवर वृंदा उठलीच, तर तिच्यासमोर बोलेन.

कार्ड फोनखाली ठेवलंय. पाच वाजताचा गजर लावलाय.